तात्या जेवतात कधी?

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा आणि एक मोठी इमारत डोळ्यांपुढे आणा. दारं पुष्कळ, खोल्या त्याहून पुष्कळ, आणि आत-बाहेर करणारी माणसं तर मोजता मोजता बोटं संपतील इतकी. आजवर या इमारतीच्या दारावर कुणीच नव्हतं. कुणीही यावं, कुठलंही कपाट उघडावं. आज सकाळी तिथे एक नवा रखवालदार आला आहे. अंगाने धिप्पाड, कामाला चोख. पण बिचाऱ्याच्या ओळखीचं तिथे एकही माणूस नाही. तुम्ही त्याच्या हातात एक यादी देता आणि सांगता, "यात नाव असेल त्याला सोड, नसेल त्याला अडव."

आता सांगा, यादी करताना तुमच्याकडून एखादं नाव राहून गेलं असेल तर? आणि राहिलेलं नाव नेमकं अशा कुणाचं असेल, की ज्याच्यावाचून आतल्या कुणाचं तरी अडेल, तर?

उत्तराची घाई करू नका. आधी खारूची गोष्ट ऐका.

खारू दहा वर्षांची. तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीत होतं, पण तिला ते फारसं लागत नसे. घरीदारी सगळे तिला खारूच म्हणत, कारण ती खारीसारखी साठवत असे. पेन्सिलींची थोटकं, गुळगुळीत खडे, तुटलेल्या छत्रीची मूठ, एकही जोडी न जुळणारी बटणं. हा सगळा खजिना तिच्या टेबलाच्या खालच्या खणात असे. आणि त्या खणावर धाड पडत असे ती तिच्या धाकट्या भावाची, बाळ्याची. बाळ्या पाच वर्षांचा, अंगाने काडीपैलवान, पण हात मात्र वाऱ्यासारखे. परवाच त्याने तिचा निळा काचेचा मणी नेला होता आणि "मी नाही, तो आपला आपण गेला," असं छातीठोकपणे सांगितलं होतं.

त्यामुळे खारूने मामाच्या मागे लागून एक कुलूप मिळवलं. पितळी, अंगठ्याएवढं, दोन किल्ल्यांचं. आज संध्याकाळी घरी गेल्यावर ते खणाला ठोकायचं असं तिने ठरवलं होतं, आणि तोवर ते फ्रॉकच्या खिशात घालून ती आईबरोबर तिच्या कामावर आली होती. शाळेत पाण्याच्या टाकीची दुरुस्ती निघाली होती, म्हणून सुट्टी.

आई मुलांच्या इस्पितळात सर्व्हर सांभाळायची. तळमजल्यावर जिन्याखालची खोली. आत बारा महिने गारठा, आणि मधमाश्यांचं पोळं असावं तसा एकसारखा घूं आवाज. उंच लोखंडी कपाटात काळे डबे एकावर एक रचलेले, त्यांवर हिरवे ठिपके लुकलुकताहेत. इस्पितळातल्या प्रत्येक मुलाचे रिपोर्ट, कुणाला कुठलं औषध कधी द्यायचं, एक्स-रेचे फोटो, सगळं त्या डब्यांत. वरच्या मजल्यांवरचे कॉम्प्युटर काहीही हवं असलं की या सर्व्हरकडेच मागायचे.

"म्हणजे हे सगळ्यांचं डोकं?" खारूने विचारलं.

"डोकं नाही, कपाट. डोकं वापरायचं काम माणसांचं," आई म्हणाली. "पण या कपाटाला आजवर धड दारच नव्हतं. बाहेरचं कुणी आत येत नसे, पण आतला कुणीही कुणाचाही रिपोर्ट उघडू शकायचा. ते बरं नव्हे. म्हणून हा नवा रखवालदार."

रखवालदार म्हणजे माणूस नव्हे, एक सॉफ्टवेअर. कुणाला आत सोडायचं, आणि आत आल्यावर कुठल्या खणाला हात लावू द्यायचा, हे तो यादी पाहून ठरवणार होता. पण आईने तो आणल्या आणल्या बसवला नव्हता. आधी तिने त्याला टेबलाखालच्या एका जुन्या मशीनवर ठेवून पाहिला. त्या मशीनला सगळे 'म्हातारी' म्हणत. म्हातारीवर खरं काहीच नसे. तिथे रखवालदाराने दोनदा असा गोंधळ घातला, की म्हातारी बंदच पडली. आई मात्र खूश झाली होती.

"बंद पडली आणि तू खूश?" खारूने तेव्हा घरी विचारलं होतं.

"अगं, म्हातारी बंद पडली म्हणून तर खूश! खरा सर्व्हर बंद पडला असता तर आज मी जेवायला बसले असते का?"

मग सोमवारी आईने त्याला खऱ्या सर्व्हरवर बसवला, पण तोंडाला कुलूप लावून. त्याला आज्ञा एवढीच, की फक्त बघ. कोण येतं, कोण जातं, बघ. यादीत नसलेलं कुणी आलं तरी अडवू नकोस. नुसतं वहीत लिही, की 'याला मी अडवलं असतं'.

पहिल्या दिवशी त्या वहीची अकरा पानं भरली. एक्स-रेवाल्याचं नाव आईने यादीत चुकीच्या खोलीपुढे लिहिलं होतं. औषधाच्या दुकानातली नवी मुलगी राहूनच गेली होती. एका डॉक्टरीणबाईंचं लग्न होऊन आडनाव बदललं होतं, पण सर्व्हरला कुणी पत्रिका दिली नव्हती. आई रोज वही वाचायची, यादी सुधारायची, आणि रोज वही थोडी पातळ व्हायची. ढवळलेल्या पाण्यातला गाळ हळूहळू खाली बसावा, तसं. आणि आज शुक्रवारी, दुपारी तीन वाजता, वहीत एकच नाव उरलं होतं.

तात्या.

तात्या म्हणजे आईच्या आधी हा सर्व्हर सांभाळणारे गृहस्थ. आईला हे काम त्यांनीच हाताला धरून शिकवलं होतं. दोन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले आणि आता शेजारच्या गावात लेकीकडे राहत होते.

"आठवडाभर हे नाव दिसतंय," आई पुटपुटली. "शेवटी बघू म्हणून बाजूला ठेवलं. खरं सांगू, त्यांचं नाव अडवायला हातच होईना."

तेवढ्यात दार ढकलून व्यवस्थापक आत आले. त्यांना सगळे साहेब म्हणत. मनाचे वाईट नव्हते, पण पायांत कायम घाई असे. ते बसत कधीच नसत, नुसते टेकत.

"मॅडम, झालं का? सोमवारी सकाळी तपासणीवाले येताहेत. आज पाचला रखवालदार पूर्ण चालू झाला पाहिजे. आठ दिवस नुसता बघतोय तो! मलाही बघायचाच पगार मिळाला असता तर बरं झालं असतं."

"पाचच दिवस झाले, साहेब. एकच नाव राहिलंय."

साहेबांनी पडद्यावर वाकून पाहिलं आणि त्यांच्या भुवया कपाळात गेल्या. "तात्या? ते तर घरी बसलेत! म्हणजे त्यांच्या नावाने दुसरंच कुणीतरी शिरतंय. चोर आहे हा, मॅडम! आणि तुम्ही त्याला आठवडाभर खुशाल आत सोडताय? आत्ताच्या आत्ता चालू करा आणि बसू दे त्याला बाहेर बोंबलत!"

आईचा चेहरा उतरला. साहेबांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. ती माऊसकडे हात नेत होती, पण हात जागच्या जागी घुटमळत होता.

खारू मधल्या काळात त्या वहीच्या छापलेल्या कागदावर बोट फिरवत बसली होती. मोजणं हा तिचा छंद. खडे असोत की पायऱ्या, मोजल्याशिवाय तिला चैन पडत नसे. नऊ वाजून दहा मिनिटं, तात्या. नऊ वीस, तात्या. नऊ तीस, तात्या. तिने पान उलटलं. बारा चाळीस, बारा पन्नास, एक, एक दहा.

"आई," ती म्हणाली, "तात्या जेवतात कधी?"

"काय?"

"एकला पण आलेत, एक दहाला पण, एक वीसला पण. आणि हे बघ, पहाटे तीनला पण. रोज एकशे चव्वेचाळीस वेळा. एकदाही उशीर नाही. चोराला शू पण लागत नाही का?"

साहेब हसायला तोंड उघडून तसेच थांबले. आईने कागद ओढून घेतला. ओळींवरून तिची नजर धावली आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परतला.

"साहेब, हा माणूसच नाही. माणूस इतका वक्तशीर असूच शकत नाही. हे कुठलं तरी मशीन आहे, तात्यांच्या नावाने आत येणारं. ते काय करतं हे कळल्याशिवाय मी त्याला अडवणार नाही."

"मग शोधा! पण पाच म्हणजे पाच."

"साडेचारपर्यंत द्या. नाही सापडलं तर सोमवारी तपासणीवाल्यांना मीच तोंड देईन. चालू मात्र करणार नाही."

हे बोलताना आईचा आवाज साधाच होता, पण टेबलाखाली तिच्या हाताच्या मुठी वळलेल्या खारूला दिसल्या. तपासणीत रखवालदार बंद दिसला, तर बोलणी आईलाच बसणार होती. आणि समजा आता चालू केला, नि त्या मशीनवर कुणाचा जीव अवलंबून असला, तर? खारूने खिशातलं कुलूप घट्ट धरलं.

वहीत प्रत्येक ओळीच्या शेवटी एक आकडा होता. ज्या मशीनवरून कुणी आलं, त्या मशीनचा. तात्यांच्या प्रत्येक ओळीपुढे सत्तेचाळीस. इस्पितळातल्या प्रत्येक मशीनला तात्यांनी स्वतःच्या हाताने आकड्याची चिठ्ठी चिकटवली होती, आणि सगळे आकडे एका जाड रजिस्टरात लिहून ठेवले होते. आईने रजिस्टर काढलं. पंचेचाळीस, नोंदणीची खिडकी. शेहेचाळीस, एक्स-रे. सत्तेचाळीसपुढे चहाचा गोल डाग. त्यातून अक्षर म्हणून उमटत नव्हतं.

"तात्या आणि त्यांचा चहा!" आई म्हणाली. तिने त्यांना फोन लावला. फोन वाजून वाजून थकला.

"चल, खारू. पायी शोधू."

त्या दोघींनी पहिला मजला पालथा घातला. नोंदणीची खिडकी, औषधांचं दुकान, रक्ततपासणीची खोली. आई मशीनच्या पाठी पाहायची, खारू पोटाशी. त्रेपन्न. एकवीस. बत्तीस. दुसऱ्या मजल्यावर एका वॉर्डबॉयने विचारलं, "काय हरवलं, ताई?" आणि खारू म्हणाली, "सत्तेचाळीस." तो बिचारा पंख्याखाली उभा राहून बराच वेळ डोकं खाजवत होता.

तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत चार वाजून गेले होते. इथे वेळेआधी जन्मलेल्या बाळांचा विभाग. आवाज हळू, पावलं हलकी. कोपऱ्यात एक छोटी खोली होती, तिच्यात एक उंच पांढरा फ्रिज आणि एक सिस्टर. ठेंगण्या, गोल, आणि बोलण्याची हौस असणाऱ्या. आईला पाहताच त्यांनी हातातलं काम ठेवलं.

"अगंबाई! आणि ही कोण, खारू ना? केवढी झाली गं! तेव्हा काचेबाहेर स्टुलावर उभी राहून नाक चेपून बघायचीस, आठवतं?"

खारूला अंधुकसं आठवत होतं. आई फ्रिजच्या मागे, वर, बाजूला चिठ्ठी शोधत होती. तिथे काही नव्हतं. खारू मात्र भिंतीवरच्या फळीच्या उंचीची होती. ती वाकली आणि फळीच्या खालून वर पाहू लागली. फळीच्या पोटाला साबणाच्या वडीएवढा एक करडा डबा चिकटवलेला होता. त्यातून एक बारीक वायर निघून फ्रिजच्या दाराच्या रबरातून आत गेली होती. आणि डब्यावर, पिवळट पडलेल्या चिठ्ठीवर, ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, ४७.

"सापडला!" ती ओरडली आणि मग स्वतःच स्वतःचं तोंड दाबलं.

"तो होय?" सिस्टर म्हणाल्या. "तो आहे म्हणून तर मी घरी जाऊन पाठ टेकू शकते. फ्रिज जरा गरम झाला, की तो खाली तुझ्या सर्व्हरला सांगतो आणि सर्व्हर मला फोनवर कळवतो. दर दहा मिनिटांनी निरोप देत असतो तो. मागच्या उन्हाळ्यात फ्रिजचं दार नीट लागलं नव्हतं, तर अर्ध्या तासात धावत आले होते मी."

"आणि त्याचा निरोप पोचलाच नाही तर?" आईने विचारलं.

सिस्टरनी खांदे उडवले. "तर मला वाटेल सगळं ठीक आहे. फोन वाजला नाही म्हणजे काळजी नाही, असंच ना?"

आई एकदम फ्रिजला टेकली. "सिस्टर," ती हळूच म्हणाली, "मी पाच वाजता तुमचा फोन मुका करणार होते. आणि आपल्याला कुणाला पत्ताही लागला नसता."

खारूने फ्रिजच्या दारावर हात ठेवला.

"यात काय आहे?" खारूने विचारलं.

सिस्टरनी दार किलकिलं केलं. आत फळ्यांवर बाहुलीच्या भातुकलीतल्यासारख्या इवल्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या. प्रत्येकीत बोटभर दूध, प्रत्येकीवर चिठ्ठी.

"आयांचं दूध. ज्या आईला जास्त येतं ती दुसऱ्याच्या बाळासाठी देऊन जाते. काही बाळांच्या आयांना सुरुवातीला येत नाही गं. तुझ्या आईला आलं नव्हतं. बाळ्या सातव्या महिन्यातच आला ना घाईघाईने! माझ्या तळहाताएवढा होता. पहिले एकोणीस दिवस तो या फ्रिजवरच वाढला."

खारूने आईकडे पाहिलं. आईने मान हलवली. "कुणाचं दूध होतं ते मला कधी कळलं नाही," ती म्हणाली. "मी रोज त्या बायांना मनातल्या मनात नमस्कार करते. पण या डब्याला मात्र आजवर कधी केला नव्हता."

खारूला वाटलं, बाळ्या आत्ता घरी नक्कीच तिच्या खणात हात घालून बसला असेल. त्या हातांची बोटं तेव्हा केवढी असतील? काडीएवढी? ती पुन्हा वाकून डब्याची चिठ्ठी पाहू लागली.

तेवढ्यात आईचा फोन वाजला. तात्या होते. आईने फोन मोठ्या आवाजावर ठेवला.

"काय गं, सहा वेळा फोन? मी बागेला पाणी घालत होतो. जळलं काय काही?"

"तात्या, सत्तेचाळीस."

पलीकडे तात्या असे हसले, की सिस्टरनी वॉर्डचं दार लोटून घेतलं. "अरे देवा! तो अजून माझ्याच नावाने फिरतोय? अगं, नऊ वर्षं झाली. तो डबा आला त्या दिवशी त्याला नवं नाव द्यायचं, तर तीन सह्या लागायच्या, आणि त्यातले एक साहेब गेलेले परगावी. बाळं थांबणार आहेत का सहीसाठी? मी त्याला म्हटलं, चार दिवस माझं नाव घे बाबा. मग मी विसरलो, आणि तो काही विसरला नाही."

"रजिस्टरात लिहिलं असतंत तर..."

"लिहिलं होतं!"

"त्यावर चहा सांडलाय, तात्या."

"हां. तो मी सांडला असेन." तात्या थोडे नरमले. "चूक माझी, पोरी. माणसाचं नाव मशीनला द्यायचं नसतं. मी निवृत्त झालो आणि माझं नाव मात्र अजून रात्रपाळी करतंय बघ. ते सोड, सापडलं कसं?"

"खारूने शोधलं. मला विचारलं, तात्या जेवतात कधी?"

या वेळी तात्या हसले नाहीत. "तिला सांग," ते म्हणाले, "तिला सांग, की तात्या आता दोन घास सुखाने जेवतील. एरवी माझ्या नावाने काय होऊन बसलं असतं गं! आणि तू चालू करताना एक खिडकी उघडी ठेव. विसरू नकोस."

"ठेवलीय, तात्या. तुम्हीच शिकवलंत."

खाली आल्यावर आईने पहिली गोष्ट केली ती म्हणजे डब्याला त्याचं स्वतःचं नाव दिलं आणि ते यादीत लिहिलं: 'दूधफ्रिज'. साहेबांनी सही केली, तीही उभ्या उभ्या. सगळी हकीकत ऐकून ते प्रथमच खुर्चीवर नीट बसले होते, पण सहीसाठी पुन्हा उठले. त्यांना बसून सही येतच नसावी.

"आता हे लक्ष देऊन ऐक," आई खारूला म्हणाली. "पडद्यावरची ही खिडकी बघतेस? ही मी सोमवारी, रखवालदार यायच्या आधी उघडली, आणि बंदच केली नाही. जो आधीच आत आहे, त्याला रखवालदार काही विचारत नाही. काही चुकलं तर या खिडकीतून मला ते दुरुस्त करता येईल. आणि दुसरं, मी दहा मिनिटांची मुदत लावलीय. दहा मिनिटांत मी 'सगळं ठीक' असं सांगितलं नाही, तर रखवालदार आपोआप पुन्हा नुसता बघत बसेल. घड्याळावर तू लक्ष ठेव."

पाचला दोन मिनिटं कमी असताना आईने रखवालदाराच्या तोंडाचं कुलूप काढलं. काहीच झालं नाही. घूं आवाज तसाच. हिरवे ठिपके तसेच.

वरून फोन येऊ लागले. नोंदणीची खिडकी चालू. औषधांचं दुकान चालू. एक्स-रेवाला म्हणाला, "मला माझ्याच खोलीत सोडलं!"

"तीन मिनिटं झाली," खारू म्हणाली.

"आता मी स्वतः नव्याने आत जाऊन बघते," असं म्हणून आईने दुसऱ्या कॉम्प्युटरवर आपलं नाव आणि पासवर्ड टाकला.

पडद्यावर लाल अक्षरं आली: 'यादीत नाव नाही. प्रवेश नाही.'

आईने पुन्हा टाकलं. पुन्हा तेच. साहेबांनी घसा साफ केला. खारूने आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला सगळं एकदम उमगलं.

"आई! तू सगळ्यांची यादी केलीस आणि स्वतःचं नावच लिहिलं नाहीस!"

"आणि आठवडाभर मी आतच होते," आई कपाळाला हात लावून म्हणाली. "म्हणून वहीतही आलं नाही. खुळी ती खुळी!" आणि ती हसत सुटली. साहेब पण हसले. आई उघड्या खिडकीपाशी गेली, यादीच्या शेवटी तिने आपलं नाव लिहिलं, आणि परत येऊन पाहिलं. या वेळी रखवालदाराने निमूट वाट दिली.

"सहा मिनिटं झाली."

"आता शेवटचं. पळ वर सिस्टरांकडे. त्यांना सांग, फ्रिजमधल्या वायरचं टोक बाहेर काढा म्हणावं, आणि ते तू मुठीत धर. गरम कर. मी इथून बघते."

खारू दोन-दोन पायऱ्या गाळत तिसऱ्या मजल्यावर गेली. सिस्टरनी वायरचं टोक तिच्या हातात दिलं. ते बर्फासारखं होतं. तिने मूठ आवळली, दुसऱ्या हाताने ती झाकली, तोंडाजवळ नेऊन तिच्यावर तोंडाची गरम वाफ सोडली. बाहेर काचेपलीकडे एक इवलंसं बाळ जांभई देत होतं.

एवढ्यात सिस्टरांच्या खिशात फोन कोकलला.

"बाई गं," सिस्टर फोन छातीशी धरून म्हणाल्या, "एरवी हा वाजला की मी धावत सुटते. आज किती गोड वाजला!" त्यांनी वायर पुन्हा आत ठेवली, दार नीट लावलं, दोनदा ओढून पाहिलं. मग खारूचा गार पडलेला हात दोन्ही हातांत घेऊन त्यांनी तो बराच वेळ चोळला.

खाली आईने 'सगळं ठीक' असं सांगितलं, तेव्हा मुदतीचं एक मिनिट उरलं होतं.

निघताना साहेबांनी खारूला विचारलं, "बोल, तुला काय हवं?" खारूने थोडा विचार केला आणि रजिस्टरामागे राहिलेल्या कोऱ्या चिठ्ठ्यांची पट्टी मागितली. साहेबांनी ती दिली, आणि उगाचच एक वहीपण दिली.

घरी पोचल्या तेव्हा बाळ्या दारातच उभा होता. हात पाठीमागे, चेहरा देवासारखा.

"मी नाही काही घेतलं," तो आपणहून म्हणाला.

खारूने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग ती आपल्या टेबलापाशी गेली आणि खिशातून कुलूप काढलं. ते तिने खणाच्या कडीत अडकवलं, पण दाबलं नाही. उघडंच लटकत ठेवलं. शेजारी दोऱ्याने नवी वही बांधली, त्या दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला एक पेन्सिल, आणि वहीवर चिठ्ठी चिकटवून लिहिलं: फक्त बघ. सात दिवस.

वहीच्या शेवटच्या पानावर तिने यादी सुरू केली. पहिलं नाव तिने स्वतःचं लिहिलं. मग खाली बसून तिने बाळ्याला हाक मारली, पेन्सिल त्याच्या मुठीत दिली, त्याच्या मुठीवर आपला हात ठेवला, आणि दुसरं नाव त्याच्याकडूनच गिरवून घेतलं.